फर्रुखाबादचा प्रतिनिधी : डॉ. राममनोहर लोहिया

१

१९६३ च्या मे महिन्यात लोकसभेच्या काही रिक्त जागांसाठी पोटनिवडणुका झाल्या. त्यांपैकी उत्तर प्रदेशातील अमरोहा व फर्रुखाबाद आणि गुजरातमधील राजकोट या तीन जागा काँग्रेस पक्षाच्या हातून गेल्या. अमरोह्यातून आचार्य कृपलानी अपक्ष म्हणून, राजकोटमधून मिनू मसानी स्वतंत्र पक्षातर्फे आणि फर्रुखाबादमधून डॉ. राममनोहर लोहिया समाजवादी पक्षातर्फे निवडून आले. आदल्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत ४९४ पैकी ३६१ जागा जिंकलेल्या पक्षाला तीन जागा गमावल्याने सत्तेचे कोणतेही भय नव्हते. विरोधकांतील सर्वांत मोठ्या पक्षाचे संख्याबळ अवघे २९ होते आणि लोहियांच्या समाजवादी पक्षाचे सभासद तर केवळ सहा होते. सहाचे सात झाल्याने सभागृहाच्या गणितात फरक पडण्यासारखा नव्हता.

तथापि या तीन निकालांपैकी फर्रुखाबादचा निकाल भारतीय लोकशाहीच्या इतिहासात, आणि भारतीय भाषांच्या इतिहासातही, वेगळा मानावा लागतो. पंचवीस वर्षांहून अधिक काळ सार्वजनिक जीवनात वावरलेला, युरोपातील विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला, इंग्रजीत ग्रंथरचना करणारा एक विचारवंत वयाच्या ५३ व्या वर्षी प्रथमच लोकसभेत आला आणि देशाच्या दारिद्र्याविषयी तो बाजारातल्या हिंदीत, आण्यांच्या हिशेबात बोलू लागला. एका जागेचा पक्ष बदलला. त्यामुळे सरकार बदलले नाही. पण सरकारला कोणत्या भाषेत जाब विचारता येतो, ही गोष्ट मात्र बदलली. लोहियांच्या आयुष्याचा अर्थ या बदलाच्या अनुषंगाने पाहिला असता अधिक स्पष्ट होतो.

२

राममनोहर लोहिया यांचा जन्म २३ मार्च १९१० रोजी तत्कालीन फैजाबाद जिल्ह्यातील अकबरपूर येथे झाला. घराणे व्यापारी मारवाडी होते. लोखंडाच्या व्यापारावरून त्यास लोहिया हे नाव पडले. आई लहानपणीच वारली. वडील हिरालाल हे गांधीजींचे अनुयायी होते आणि मुलावर राष्ट्रीय चळवळीचा पहिला संस्कार त्यांच्याकडूनच झाला. शालेय शिक्षणाचा काही काळ मुंबईत मारवाडी विद्यालयात गेला आणि १९२५ मध्ये ते तेथूनच मॅट्रिक झाले. पुढे काशी हिंदू विद्यापीठात इंटरमीजिएट व कलकत्त्याच्या विद्यासागर महाविद्यालयात पदवी असा त्यांचा प्रवास झाला. अवधचे खेडे, मुंबई, काशी आणि कलकत्ता अशा चार भाषिक वातावरणांत वाढलेल्या या तरुणाला भाषांची विविधता ही पुस्तकातून शिकावी लागली नाही. ती त्याच्या रोजच्या अनुभवाचा भाग होती.

१९२९ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी युरोपला गेले. त्या काळी भारतीय विद्यार्थी प्रायः इंग्लंडची वाट धरीत. लोहियांनी बर्लिन निवडले. तेथे जर्मन भाषा शिकून त्यांनी त्याच भाषेत मिठावरील कर आणि सत्याग्रह या विषयावर प्रबंध सादर केला. विषयाची निवडही लक्षात घेण्याजोगी आहे. मीठ ही गरिबातल्या गरिबाच्या ताटातली वस्तू होय. तिच्यावरील कर म्हणजे राज्यसत्तेने दरिद्री माणसाच्या घासातून घेतलेला वाटा. तीस वर्षांनंतर लोकसभेत आण्यांचा हिशेब मांडणारा लोहिया या प्रबंधात बीजरूपाने आढळतो. जर्मनीत नाझींचा उदय त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. १९३३ मध्ये ते स्वदेशी परतले. मद्रासला उतरल्यावर कलकत्त्यापर्यंतच्या प्रवासखर्चासाठी त्यांनी तेथील एका इंग्रजी दैनिकासाठी लेख लिहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

१९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. या पक्षाची कल्पना नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता इत्यादींच्या चर्चांतून आकाराला आली होती. लोहिया या चर्चांत नव्हते, परंतु पक्षाच्या स्थापनेपासून ते त्याच्या आघाडीच्या विचारवंतांत गणले गेले आणि पक्षाच्या मुखपत्राचे संपादन त्यांच्याकडे आले. १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी त्यांना काँग्रेसच्या परराष्ट्र विभागाचे चिटणीस नेमले. सुमारे दोन वर्षे लोहिया अलाहाबादेत नेहरूंच्या सान्निध्यात राहिले. नेहरूंविषयी त्यांच्या मनात त्या काळी उत्कट आदर होता. पुढील काळातील त्यांच्या टीकेची धार या पूर्वीच्या जवळिकीचा विचार केल्याखेरीज नीट समजत नाही. परक्यावर कोणी एवढा संतापत नाही.

१९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले. मुंबईतून चालणाऱ्या गुप्त काँग्रेस रेडिओशी त्यांचा निकटचा संबंध होता. १९४४ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांना अटक झाली आणि लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा अनन्वित छळ झाला. दिवसेंदिवस झोपू न देणे हा त्या छळाचा मुख्य प्रकार होता. १९४६ च्या एप्रिलमध्ये जयप्रकाशांसह त्यांची सुटका झाली, तेव्हा त्यांची प्रकृती ढासळलेली होती. विश्रांतीसाठी बर्लिनमधील जुने स्नेही डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या असोळणे येथील घरी ते गोव्यात गेले. विश्रांती बाजूलाच राहिली. सभा भरवण्यासही परवानगी लागते अशी गोव्याची स्थिती पाहून त्यांनी १८ जून १९४६ रोजी मडगावी जाहीर सभेत कायदेभंग केला आणि ते पकडले गेले. गोव्याच्या मुक्तिलढ्याच्या नव्या पर्वाचा आरंभ या सभेपासून मानला जातो. १८ जून हा तेथे क्रांतिदिन म्हणून पाळला जातो आणि मडगावच्या त्या मैदानास लोहियांचे नाव आहे. अवधचा हा पुढारी मराठी-कोकणी समाजाच्या स्मृतीत प्रथम शिरला तो या दिवशी.

३

स्वातंत्र्यानंतर समाजवादी गट १९४८ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडला. येथून लोहियांच्या राजकीय जीवनाचा जो पंधरा वर्षांचा काळ सुरू झाला, तो बाह्यतः अपयशाचा होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवाद्यांची निराशा झाली. नंतर कृपलानींच्या पक्षाशी विलीनीकरण होऊन प्रजासमाजवादी पक्ष निर्माण झाला. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीन राज्यात याच पक्षाचे सरकार असता पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. लोहिया त्या वेळी पक्षाचे सरचिटणीस होते. त्यांनी स्वपक्षाच्या मुख्यमंत्र्याचा राजीनामा मागितला. परकीय सरकारने केलेला गोळीबार जर अन्याय असेल, तर आपल्या सरकारने केलेला तोच प्रकार न्याय्य ठरू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. या वादाचा शेवट पक्षफुटीत झाला आणि १९५५ च्या अखेरीस हैदराबाद येथे लोहियांनी वेगळा समाजवादी पक्ष स्थापन केला.

या काळातील त्यांचे बौद्धिक कार्य मात्र अपयशाचे नव्हते. हैदराबादेतून निघणारे ‘मॅनकाइंड’ हे इंग्रजी नियतकालिक व हिंदी ‘जन’ यांतून त्यांचे लेखन प्रसिद्ध होत राहिले. इतिहासाच्या चक्रगतीची मीमांसा, जातिव्यवस्थेची चिकित्सा, मार्क्स आणि गांधी यांच्या विचारांची फेरतपासणी, राम, कृष्ण व शिव या त्रयीवरील निबंध असा त्याचा विस्तार आहे. पक्षाच्या व्यासपीठावरून मांडलेल्या विशेष संधीच्या सिद्धांतात त्यांनी मागास जाती, दलित, आदिवासी, मुसलमानांतील मागास समाज आणि सर्व स्त्रिया यांना साठ टक्के जागा मिळाव्यात अशी मागणी केली. खेड्यातील स्त्रियांचे पाणी, शौचालय आणि चुलीचा धूर हे प्रश्न राजकीय सभेत मांडणारे पुढारी त्या काळी विरळा होते.

निवडणुकांत मात्र ते हरत राहिले. १९५७ मध्ये चंदौली मतदारसंघात काँग्रेसच्या त्रिभुवन नारायण सिंह यांनी त्यांचा पराभव केला. १९६२ मध्ये त्यांनी हेतुतः फूलपूर मतदारसंघ निवडला, कारण तेथे प्रतिस्पर्धी खुद्द पंतप्रधान होते. विजयाची आशा त्यांनी धरलेली नव्हती. पंतप्रधानालाही मतदाराच्या दारात उत्तर द्यावे लागते एवढे दाखवणे हा त्यांचा उद्देश होता. नेहरूंना मिळालेल्या मतांच्या निम्म्याहून कमी मते त्यांना पडली. तरीही या मतदारसंघात पंतप्रधानांना प्रचारासाठी फिरावे लागले, यातच आपला हेतू सफल झाला असे लोहिया मानीत.

४

१९६३ चा मे महिना काँग्रेसला प्रतिकूल होता. आदल्या वर्षाच्या अखेरीस चीनच्या आक्रमणाने देशाचा आत्मविश्वास हादरला होता आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले होते. वाढीव संरक्षणखर्चासाठी नव्या अंदाजपत्रकात करांचा बोजा वाढला. सक्तीची बचत योजना आली. सोन्यावरील नियंत्रणाने हजारो सोनारांचा धंदा बसला. अशा वेळी मूळचंद दुबे यांनी तीनही सार्वत्रिक निवडणुकांत काँग्रेससाठी जिंकलेली फर्रुखाबादची जागा रिक्त झाली आणि लोहियांनी तेथून उमेदवारी स्वीकारली.

काँग्रेसने त्यांच्यासमोर डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना उभे केले. भारतीय वाङ्मय व कला यांच्या अभ्यासकांना ही लढत विशेष उद्बोधक वाटावी. केसकर मूळचे पुण्याचे. काशी विद्यापीठात शिक्षण, नंतर पॅरिसची डॉक्टरेट आणि उत्तर प्रदेशातच सारे राजकीय जीवन अशी त्यांची वाटचाल होती. १९५२ पासून १९६२ पर्यंत, म्हणजे जवळपास दहा वर्षे, ते केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. अभिजात संगीतावर त्यांची निष्ठा होती. आकाशवाणीवरील राष्ट्रीय संगीत कार्यक्रम आणि रेडिओ संगीत संमेलन हे उपक्रम त्यांच्या कारकीर्दीतले. चित्रपटगीतांना मात्र त्यांनी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केले. परिणामी श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला लोकरुचीशी तडजोड करावी लागली. याच काळात आकाशवाणीच्या संस्कृतप्रचुर हिंदीवरही सर्वसामान्य श्रोता ती समजू शकत नाही अशी टीका सतत होत होती.

लोहिया आणि केसकर हे दोघेही युरोपात शिकलेले, दोघेही व्युत्पन्न आणि दोघेही भारतीय संस्कृतीचे अभिमानी. भेद होता तो लोकांशी असलेल्या नात्यात. केसकरांच्या दृष्टीने संस्कृती ही वरून खाली पोहोचवावयाची गोष्ट होती. लोकांची अभिरुची उंचावणे हे राज्याचे कर्तव्य, असे ते मानीत. लोहियांच्या मते भाषा अपुरी आहे म्हणून तिचा वापर लांबणीवर टाकणे ही फसवणूक होती. भाषा वापराने समृद्ध होते. आधी समृद्ध करून मग वापरावयाची असे म्हटले, तर तो दिवस कधीच उगवत नाही. म्हणून बाजारात, कचेरीत, न्यायालयात आणि विधिमंडळात ती आहे तशी वापरली जावी, असा त्यांचा आग्रह होता.

फर्रुखाबाद हे या दोन दृष्टींच्या संघर्षासाठी जणू योग्य स्थान होते. तबलावादनातील एका थोर घराण्याला या शहराचे नाव आहे आणि महादेवी वर्मा यांचा जन्म येथलाच. परंतु ज्या मतदारांपुढे हे दोन विद्वान उभे होते, त्यांत कापडावर छाप उठवणारे कारागीर होते, गंगेच्या काठी बटाटा पिकवणारे शेतकरी होते, भूमिहीन मजूर होते. निकाल लागला तेव्हा लोहिया मोठ्या मताधिक्याने विजयी झाले होते.

या विजयाची दुसरी बाजूही नोंदवणे अवश्य आहे. काँग्रेसविरोधी मते विभागली जातात म्हणून अल्पमताच्या आधारावर एकच पक्ष राज्य करतो, हे लोहियांचे निदान होते. त्यावर उपाय म्हणून त्यांनी विरोधी पक्षांच्या परस्पर सहकार्याचा पुरस्कार केला. याच पोटनिवडणुकांच्या वेळी जौनपूरमध्ये जनसंघाचे दीनदयाळ उपाध्याय उभे होते. लोहिया त्यांच्या प्रचारासाठी गेले. उपाध्याय तेथे पराभूत झाले आणि ती जागा जनसंघाकडून काँग्रेसकडे गेली. ज्या पक्षाच्या विचारसरणीशी आपला मूलभूत विरोध आहे, त्याच्याशी केलेले हे सहकार्य लोहियांच्या अनेक सहकाऱ्यांना मानवले नाही. बिगरकाँग्रेसवादाविषयीचा वाद तेव्हापासून समाजवादी चळवळीत सुरू झाला तो त्यांच्या मृत्यूनंतरही शमला नाही.

५

१९६३ च्या ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी मांडलेल्या अविश्वासाच्या ठरावावर लोकसभेत चर्चा झाली. स्वतंत्र भारताच्या लोकसभेत चर्चेस आलेला हा पहिलाच असा ठराव होय. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. मतांच्या दृष्टीने हा निकाल आधीच ठरलेला होता. तरीही ती चर्चा लक्षात राहिली, कारण २१ ऑगस्टला लोहियांनी सभागृहापुढे एक आकडा ठेवला. देशातील सत्तावीस कोटी लोक, म्हणजे लोकसंख्येतील तळचे साठ टक्के, दररोज तीन आण्यांवर जगतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच्या शेजारी त्यांनी पंतप्रधानांवर दररोज होणाऱ्या खर्चाचा आकडा मांडला. तो त्यांच्या हिशेबाने पंचवीस हजार रुपये होता. नियोजन आयोगाच्या आधारे नेहरूंनी उत्तर दिले की हा आकडा चुकीचा असून दरडोई उत्पन्न पंधरा आणे आहे. लोहियांनी आपल्या विधानावर स्वतंत्र चर्चेची मागणी केली आणि सप्टेंबरच्या आरंभी ती झाली.

वादाचा गाभा साधा होता. पंधरा आणे ही सरासरी होती. तीत गिरणीमालकाचे उत्पन्न आणि शेतमजुराचे उत्पन्न एकत्र मिसळले होते. सरासरी काढल्याने मजुराच्या ताटात काही पडत नाही, उलट त्याचे रिकामे ताट झाकले जाते, हा लोहियांचा युक्तिवाद होता. तळच्या साठ टक्क्यांचा वेगळा विचार केल्यावर सरकारी बाजूलाही पंधरा आण्यांवरून साडेसात आण्यांपर्यंत खाली यावे लागले. पुढे १९७१ मध्ये पुण्याचे वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात किमान आहारासाठी माणशी वार्षिक १८० रुपये खर्चाची मर्यादा धरली आणि ग्रामीण लोकसंख्येतील सुमारे ४० टक्के लोक या मर्यादेखाली असल्याचे दाखवले. वार्षिक १८० रुपये म्हणजे दररोज जवळपास आठ आणे. या कसोटीवर लोहियांचा तीन आण्यांचा आकडा अतिशय खाली होता हे मान्य करावे लागते. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि पंधरा आण्यांचे उत्तर त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. दारिद्र्य सरासरीने मोजावयाचे की तळच्या माणसापासून मोजावयाचे, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर येऊन देशभर बोलला जाऊ लागला तो या वादामुळे.

येथे भाषेचा एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. १९५७ मध्येच दशमान नाणेपद्धती लागू झाली होती. कायद्याच्या दृष्टीने आणा संपलेला होता. तीन आणे म्हणजे सुमारे एकोणीस नवे पैसे. लोहियांना नव्या पैशांत हिशेब सांगता आला असता. त्यांनी तो आण्यांत सांगितला, कारण मजुरीचा व भाजीचा हिशेब लोकांच्या तोंडी अजून आण्यांतच होता. विशेष म्हणजे पंतप्रधानांनाही उत्तर आण्यांतच द्यावे लागले. राज्याने रद्द केलेले नाणे लोकांच्या बोलीने लोकसभेत पुन्हा चालवले. तीन आणे विरुद्ध पंधरा आणे हा वाद चहाच्या दुकानात आणि खेड्याच्या पारावर जसा समजला, तसा तो दरडोई उत्पन्नाच्या परिभाषेत कधीच समजला नसता.

लोहिया सभागृहात हिंदीत बोलत. योगायोग असा की ते निवडून आले त्याच महिन्यात, इंग्रजीचा वापर १९६५ नंतरही चालू ठेवण्याची तरतूद करणारा राजभाषा अधिनियम अस्तित्वात आला. लोहियांच्या इंग्रजी हटवा चळवळीचा या धोरणास कडवा विरोध होता. परंतु हिंदीचे साम्राज्य हा त्यांचा हेतू नव्हता. राज्याचा कारभार, शिक्षण आणि न्यायदान त्या त्या प्रदेशाच्या भाषेत, मराठी मुलखात मराठीत, तमिळ मुलखात तमिळमध्ये चालावे, अशी त्यांची मागणी होती. मूठभर इंग्रजी जाणणाऱ्यांच्या हाती सत्ता ठेवणारे साधन म्हणून ते सार्वजनिक व्यवहारातील इंग्रजीकडे पाहत. भाषा म्हणून इंग्रजीचा त्यांना तिटकारा नव्हता. त्यांच्या स्वतःच्या महत्त्वाच्या लेखनाचा मोठा भाग इंग्रजीत आहे. ही विसंगती त्यांच्या टीकाकारांनी वारंवार दाखवली. दक्षिणेत, विशेषतः तमिळनाडूत, ही चळवळ हिंदी लादण्याचाच दुसरा प्रकार मानली गेली आणि तिचे निराकरण लोहियांना करता आले नाही, हेही तितकेच खरे.

६

फर्रुखाबादच्या निकालाचे पडसाद पक्षीय राजकारणात दूरवर उमटले. तीन जागांच्या पराभवाने काँग्रेसमध्ये अंतर्मुखता आली आणि त्याच ऑगस्टमध्ये कामराज योजनेनुसार सहा केंद्रीय मंत्री व सहा मुख्यमंत्री पक्षकार्यासाठी पदमुक्त झाले. पुढच्या वर्षी बिहारमधील मुंगेरची जागा पोटनिवडणुकीत काँग्रेसकडून समाजवाद्यांकडे आली. तेथून निवडून आलेले मधू लिमये पुण्याचे होते. मराठी माणूस बिहारच्या मतदारांपुढे हिंदीत बोलून निवडून येतो, ही घटना लोहियांच्या भाषाविषयक भूमिकेचे एक प्रात्यक्षिकच होते. त्याच वर्षी दोन्ही समाजवादी पक्ष एकत्र येऊन संयुक्त समाजवादी पक्ष झाला आणि एस. एम. जोशी त्याचे अध्यक्ष झाले. पण हे ऐक्य वर्षभरही टिकले नाही. १९६५ च्या आरंभी प्रजासमाजवाद्यांचा मोठा गट पुन्हा वेगळा झाला. लोकांना जोडणारी भाषा ज्याला सापडली, त्याला सहकाऱ्यांना जोडून ठेवता आले नाही, ही लोहियांच्या जीवनातील शोकात्म बाजू होय. त्यांची जीभ तिखट होती. नेहरूंवरील त्यांची टीका अनेकदा धोरणांवरून व्यक्तीवर घसरे आणि त्यामुळे तिच्यातील तथ्यांशाचीही हानी होई.

१९६४ च्या मे महिन्यात ते अमेरिकेत होते. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या एका उपाहारगृहात त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी माघार घेतली नाही आणि त्यांना अटक झाली. मडगावच्या मैदानावर वागणारा माणूस आणि जॅक्सनच्या दारात उभा राहणारा माणूस एकच होता. त्याच दिवसांत दिल्लीत नेहरूंचे निधन झाले.

१९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत लोहिया कनौजमधून उभे राहिले आणि पाचशेपेक्षाही कमी मतांच्या फरकाने निवडून आले. काँग्रेसची लोकसभेतील संख्या २८३ वर आली आणि उत्तर प्रदेश, बिहार यांसारख्या राज्यांत संयुक्त विधायक दलांची सरकारे आली. बिगरकाँग्रेसवादाचे स्वप्न साकार झाले असे वाटत असतानाच त्या सरकारांतील सत्तास्पर्धा व पक्षांतरे यांनी लोहिया अस्वस्थ झाले होते. सहा महिन्यांच्या कारभारात लोकांच्या जीवनात दिसेल असा फरक पडला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तो पुरा झाला नाही. सप्टेंबरच्या अखेरीस दिल्लीच्या विलिंग्डन रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. तिच्यानंतर प्रकृती बिघडत गेली आणि १२ ऑक्टोबर १९६७ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. घर, जमीन वा पैसा असे काहीही त्यांनी मागे ठेवले नाही. त्या रुग्णालयास पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

मागे राहिला तो विचार, आणि त्याचा सर्वांत टिकाऊ ठसा साहित्यात उमटला. हिंदीत विजयदेव नारायण साही, रघुवीर सहाय, सर्वेश्वरदयाल सक्सेना, कन्नडमध्ये यू. आर. अनंतमूर्ती, पी. लंकेश, पूर्णचंद्र तेजस्वी असे लेखक त्यांच्या विचाराने प्रभावित झाले. हैदराबादचे बदरीविशाल पित्ती आणि त्यांचे ‘कल्पना’ मासिक या परिवारातलेच. चित्रकार म. फि. हुसेन यांनी रामायणावर चित्रमालिका काढली, तीही लोहियांच्या सूचनेवरून. एका राजकीय पुढाऱ्याने एवढ्या निरनिराळ्या भाषांतील लेखकांना आपापल्या भाषेत लिहिण्याचे बळ द्यावे, असे उदाहरण आधुनिक भारतात गांधीजींनंतर क्वचितच आढळते. या लेखकांनी लोहियांची घोषणा उचलली नाही, दृष्टी उचलली. जात, स्त्रीची स्थिती, सत्तेचे ढोंग आणि सामान्य माणसाची बोली हे त्यांच्या लेखनाचे विषय झाले.

लोकसभेत लोहिया अवघी चार वर्षे होते. या अवधीत त्यांनी एकही सरकार पाडले नाही वा एखादा मोठा कायदा मंजूर करून घेतला नाही. फर्रुखाबादच्या मतदारांनी एका जागेचा पक्ष बदलला, तेव्हा त्यांना मिळाला तो एक असा प्रतिनिधी, ज्याचा आकडा चुकला पण ज्याने मोजदाद तळापासून सुरू करावयास लावली. त्यानंतर दारिद्र्याचा प्रश्न संसदेत अनेकदा निघाला, नव्या रेषा आखल्या गेल्या आणि नवे आकडे आले. प्रत्येक वेळी सरासरी सांगणाऱ्याला तळच्या माणसाचे काय, असा प्रश्न विचारला गेला. तो प्रश्न विचारण्याची रीत संसदेत रुजली, तिचा आरंभ १९६३ च्या त्या पोटनिवडणुकीत आहे.